आईवेगळं शिंगरू वाढवताना: मिनिएचर घोडे आणि लहान तट्टूंसाठी

मिनिएचर घोडा म्हणजे कुपोषणामुळे खुजं राहिलेलं तट्टू नव्हे. ती वेगळी पैदास आहे. अमेरिकेत या घोड्यांची नोंद ठेवणारी संघटना 1978 मध्ये उभी राहिली आणि तिची मर्यादा 34 इंच आहे, तीही आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजलेली. आपल्याकडे असे घोडे आता फार्महाऊसवर, रिसॉर्टवर दिसतात. माथेरान, महाबळेश्वरकडची तट्टं यांच्यापेक्षा बरीच मोठी, पण शिंगरू आईवेगळं झालं की दोघांचं गणित एकच. फरक एवढाच की मिनिएचरचं शिंगरू जन्मताना जेमतेम 8 ते 11 किलोचं असतं. रेसच्या घोड्याचं शिंगरू 50 किलोचं. पुस्तकांत, व्हिडिओंत, औषधांच्या बाटल्यांवर जे आकडे असतात ते बहुतेक त्या 50 किलोवाल्याचे. ते आकडे इथे तसेच वापरले की दूध पाचपट जातं आणि औषधही पाचपट.

म्हणून सगळ्यात आधी वजन. बाथरूमच्या काट्यावर शिंगरू कडेवर घेऊन उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. रोज एकाच वेळी, दूध पाजण्याआधी. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. या लेखात पुढे सगळी मापं 10 किलोच्या शिंगरासाठी दिली आहेत, म्हणजे तुमचं 8 किलोचं असो की 14 चं, हिशेब लावणं सोपं जाईल.

पहिले सहा तास: चीक

घोडीच्या पोटात असताना शिंगराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतच नाहीत. माणसाच्या बाळाला वारेतून मिळतात, शिंगराला नाही. त्याला ती फक्त चिकातून मिळतात, आणि आतडं ती आत घेतं तेही जेमतेम पहिले 18 ते 24 तास. त्यातही पहिल्या सहा-आठ तासांत जे मिळेल तेच खरं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो नुसतं दूध म्हणून पचतो.

घोडी विताना गेली असेल तर रडारड बाजूला ठेवून आधी तिच्या कासेकडे वळा. ती गेली तरी सडांत चीक असतो, आणि लगेच काढला तर तो वापरता येतो. घोडीला सड दोनच, तेही आखूड, त्यामुळे गाईसारखी धार काढायला गेलात तर बोटांत काही येत नाही. 60 मिलीची सिरिंज घ्या, सुईकडचं टोक धारदार पात्यानं कापा, दट्ट्या काढून कापलेल्या बाजूनं आत घाला. गुळगुळीत राहिलेलं मागचं तोंड सडावर टेकवून दट्ट्या हळू ओढा. कापलेली कड कधीच सडाला लावायची नाही. कास आधी कोमट पाण्यानं पुसून घ्या. निघालेला चीक स्वच्छ फडक्यातून गाळा.

चांगला चीक पिवळसर, बोटाला चिकटणारा असतो. पाण्यासारखा पांढरा आला तर घोडी विण्याआधीच गळत होती असं समजा आणि दुसरा शोधा. फळांची गोडी मोजायचं ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर द्राक्षबागायतदारांकडे हमखास असतं. त्यावर चिकाचा एक थेंब टाका: 20 च्या खाली असेल तर भरवसा नाही, 23 च्या वर चालेल, 30 म्हणजे उत्तम.

आईचा चीक नसेल तर दुसऱ्या घोडीचा. पुण्याच्या परिसरात रेसच्या घोड्यांचे स्टड फार्म आहेत आणि त्यांच्या घोड्या जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत वितात. धडधाकट घोडी स्वतःचं शिंगरू पिऊन झाल्यावर एका सडातून 200-250 मिली चीक देऊ शकते. मोठ्या शिंगराला ते कमी पडतं, पण तुमच्या 10 किलोवाल्याची निम्म्याहून जास्त गरज त्यात भागते. घोडी विण्याच्या आधीच अशी ओळख करून ठेवावी. मध्यरात्री फोन फिरवत बसलं की सहा तास कधी संपतात ते कळत नाही. फ्रीझरमध्ये उणे 20 अंशांवर ठेवलेला चीक वर्षभर टिकतो. वितळवायचा तो हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात पिशवी बुडवून. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. गाईचा चीक तापवला की खरवस होतो हे आपल्याला माहीत आहेच. तापवल्यावर जी प्रथिनं घट्ट बसतात, त्यांतलीच शिंगराला हवी असतात.

प्रमाण: सुरुवातीला दर तासाला 60 ते 80 मिली, सहा तासांत एकूण 300 ते 400 मिली. घोडीचा चीक कुठेच मिळाला नाही तर गाईचा ताजा चीक द्यावा. घोड्यांच्या रोगांविरुद्ध त्याचा उपयोग थोडा आणि तोही थोडेच दिवस, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

18 ते 24 तासांनी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. आयजीजी, म्हणजे चिकातून रक्तात आलेलं रोगप्रतिकारक द्रव्य, 800 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर निर्धास्त, 400 च्या खाली असेल तर चीक पोचलाच नाही असं धरायचं. किट नसेल तर झिंक सल्फेटची जुनी, स्वस्त चाचणी कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत जमते. फक्त गाईच्या चिकातलं आयजीजी घोड्याच्या किटवर दिसत नाही, हे डॉक्टरांना आधी सांगा. आकडा कमी आला तर उपाय एकच, निरोगी घोड्याच्या रक्तातला प्लाझ्मा शिरेतून देणं. 10 किलोला 200 ते 400 मिली लागतो. याला घरगुती पर्याय नाही.

त्याच दिवशीची बाकीची कामं

नाळ कापू नका, ती आपोआप तुटते. उरलेल्या बुंध्याला 0.5 टक्के क्लोरहेक्सिडिनच्या द्रावणात दिवसातून तीन-चार वेळा, तीन दिवस बुडवा. छोटी औषधाची वाटी भरून बुंध्यावर खालून दाबून धरली की झालं. दाट आयोडीन लावायची जुनी सवय सोडा. त्यानं कातडी भाजते आणि भाजलेल्या जागेतूनच जंतू आत जातात.

पहिली लीद काळी, डांबरासारखी चिकट. ती 12 तासांत पडायला हवी. शिंगरू शेपटी वर करून कुंथतंय, पोटाकडे वळून बघतंय आणि काही पडत नाही, तर मऊ रबरी नळीनं 60-100 मिली कोमट साबणपाण्याचा एनिमा हळूच द्या. बाजारातला फॉस्फेटचा तयार एनिमा मोठ्या शिंगराच्या मापाचा असतो. इतक्या लहान जिवाला तो एकामागून एक दिला तर रक्तातलं फॉस्फेट वाढून जिवावर बेततं. लीद पिवळसर, पेस्टसारखी व्हायला लागली की आतडं मोकळं झालं.

निरोगी शिंगरू तासाभरात उभं राहतं आणि दोन तासांत चोखायला बघतं. अंगाचं तापमान 37.2 ते 38.9 अंशांच्या दरम्यान हवं. थर्मामीटर 37 च्या खाली दाखवत असेल तर दूध पाजू नका. थंड पडलेल्या शिंगराचं आतडं काम करत नाही, दूध पोटात तसंच राहतं आणि पोट फुगतं. आधी घोंगडी, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून अंगाशी, आणि डॉक्टरांना फोन. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962 आहे. घोड्यांचा हात असलेला डॉक्टर जवळपास नसेल तर परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येते.

धनुर्वाताचं काय? गाभण घोडीला लस दिली होती की नाही याची खात्री नसेल तर शिंगराला पहिल्याच दिवशी धनुर्वाताची अँटिटॉक्सिन सुई द्यायला सांगा. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत हे जंतू असतातच.

दाई मिळाली तर अर्धं काम संपलं

बाटलीपेक्षा दाई घोडी कधीही चांगली. जिचं शिंगरू नुकतंच दगावलंय अशी शांत घोडी, उंचीनं फार मोठी नसलेली. मोठी घोडीसुद्धा चालते, फक्त मिनिएचरच्या तोंडाला तिची कास पोचली पाहिजे. कास तुडुंब भरू द्यावी, म्हणजे पिल्लू चोखतंय त्यात तिलाच सुटका वाटते. तिच्या मेलेल्या शिंगराची वार किंवा अंगावरचा ओलावा नव्या शिंगराच्या पाठीवर, शेपटीखाली चोळतात. घोडीच्या नाकपुड्यांना थोडा विक्स लावला की तिला वासातला फरक कळत नाही. एक माणूस घोडीच्या तोंडाशी, एक शिंगरापाशी, आणि तिसरा कुणी बघायला नको. कधी तासाभरात जमतं, कधी तीन दिवस लागतात. घोडी कान मागे टाकून वळली, लाथ झाडली तर शिंगरू तिच्यापाशी एकटं ठेवायचं नाही, एक रात्रसुद्धा नाही.

बाजारातून किंवा सारंगखेड्यासारख्या यात्रेतून दाई आणायची असेल तर ग्लँडर्सच्या रक्ततपासणीशिवाय आणू नका. हा रोग माणसाला होतो आणि कायद्यानं कळवावा लागतो. तपासणीसाठी नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात, तुमच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्याला त्याची वाट माहीत असते.

दुभती शेळी हाही जुना, चांगला उपाय आहे. संगमनेरी शेळी बाकावर किंवा दोन विटांच्या थरावर उभी केली की मिनिएचरचं शिंगरू खालून चोखतं. थोड्याच दिवसांत शेळी त्याची हाक ऐकून स्वतःच बाकावर चढते.

दूध कुठलं

घोडीचं दूध पातळ आणि गोड. त्यात फॅट दीड-दोन टक्के, प्रथिनं दोन-अडीच, आणि दुधातली साखर सहा-सात टक्के. गाईच्या दुधात फॅट जवळजवळ दुप्पट आणि साखर कमी. म्हशीच्या दुधात फॅट चौपट. म्हणजे शिंगराला म्हशीचं दाट दूध पाजणं हा लाड नाही, त्याचं पोट बिघडवणं आहे.

शिंगरांसाठीची दूध पावडर मिळाली तर ती डब्यावर दिलेल्या मापानं. पण डब्यावर घोड्याच्या शिंगरासाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. वासरांची पावडर आणि गाईम्हशींचं गोळी पेंड यांच्यात काही वेळा मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते मानवतं, घोड्याचं हृदय ते बंद पाडतं, आणि त्यावर उतारा नाही. वासरांचा डबा आणि शिंगराची बाटली एका फळीवर ठेवू नका, रात्री तीन वाजता झोपेत हात कुठेही जातो.

पावडर नसेल तेव्हा आपल्याकडे सगळ्यात सोयीचं पडतं ते पिशवीतलं डबल टोन्ड दूध. त्यात फॅट दीड टक्का असतं, घोडीच्या दुधाच्या अगदी जवळ.

1 लिटर डबल टोन्ड दूध
20 ग्रॅम डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) पावडर, औषधाच्या दुकानातली, साधी

पावडर छोट्या काट्यावर मोजा, चमच्याचा अंदाज नको. कोमट दुधात पूर्ण विरघळवा आणि 37-38 अंशांवर पाजा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकल्यावर गरमही नाही, गारही नाही, इतपत. घरातली साखर, गूळ किंवा मध घालू नका. लहान शिंगराच्या आतड्यात साध्या साखरेचं विघटन करणारं द्रव्य अजून पुरेसं नसतं, त्यामुळे ती तशीच पुढे जाते आणि जुलाब होतात. संत्र्याच्या चवीचं ग्लुकोज याच कारणानं बाद, त्यात साखर मिसळलेली असते.

शेळीचं दूध शिंगरं आवडीनं पितात. ते उकळून, गार करून, काहीही न घालता देता येतं. काही शिंगरांना त्यानं लीद घट्ट होते, तेवढं लक्ष ठेवा. दूध एकदा ठरवलं की बदलू नका. बदलावंच लागलं तर चार दिवसांत, एक चतुर्थांश करत करत.

किती आणि किती वेळा

आईपाशी असलेलं नवजात शिंगरू तासाला पाच-सात वेळा, घोट-घोट पितं. आपल्याला ते शक्य नाही, पण दिशा तीच ठेवायची. मिनिएचरच्या अंगात साठा जवळजवळ नसतो. तीन तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते, शिंगरू मलूल होतं, चोखायचं थांबतं, आणि न चोखल्यानं आणखी मलूल होतं. उलट चार तासांचं दूध एकदम दिलं तर पोट फुगतं आणि जुलाब लागतात. पहिले दोन आठवडे एका वेळचं दूध वजनाच्या दोन टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे 10 किलोला 200 मिली.

पहिले दोन दिवस दिवसाला वजनाच्या 10 ते 12 टक्के दूध, दर तासाला, रात्रीसुद्धा. 10 किलोला एका वेळी 40-50 मिली. तिसऱ्या दिवसापासून दर दीड-दोन तासांनी, आणि आठवड्याअखेर एकूण प्रमाण हळूहळू 20 टक्क्यांपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात शिंगरू 12 किलोच्या आसपास असेल. तेव्हा दिवसाला अडीच लिटर, दर दोन तासांनी 200-220 मिली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दर तीन तासांनी, महिन्यानंतर दर चार तासांनी. वाढवताना एका दिवसात 10 टक्क्यांहून जास्त वाढवू नका, आणि लीद पातळ झाली की आदल्या दिवशीच्या मापावर परत या.

रोज साधारण 200 ग्रॅम वजन वाढायला हवं. पहिल्या दोन दिवसांत थोडं घटलं तर घाबरायचं कारण नाही. सलग दोन दिवस काटा हलला नाही तर दूध कमी पडतंय किंवा आत काहीतरी शिजतंय.

रात्रीच्या पाळ्या दोघांनी वाटून घ्या. एकट्यानं आठ दिवस काढणारा माणूस पाचव्या रात्री गजर बंद करून झोपतो, आणि सकाळी शिंगरू थंडगार पडलेलं असतं.

बाटली, मग वाडगं

माणसाच्या बाळाची किंवा कोकराची आखूड निपल वापरा. भोक एवढंच की बाटली उलटी धरल्यावर दूध थेंब-थेंब पडावं, धार लागू नये. निपल तोंडात देण्याआधी स्वच्छ बोट जिभेवर ठेवून बघा. शिंगरू जोरानं चोखत असेल तरच पाजा. चोखत नसेल तर नाकातून नळी घालून डॉक्टरांनीच दूध द्यायचं, दुसरा मार्ग नाही.

शिंगरू उभं असावं. त्याच्या बाजूला, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहा, जणू घोडीच्या कुशीपाशी ते आलंय. बाटली अशी धरा की त्याची मान पुढे ताणलेली, हनुवटी थोडी वर, पण नाक डोळ्यांच्या वर जाणार नाही. घोडीच्या कासेपाशी मान अशीच असते. आडवं पडलेल्या शिंगराला पाजू नका. बाटली दाबू नका. घोट घेताना नाकातून दूध आलं, खोकला आला, छातीत घुरघुर ऐकू आली तर तिथेच थांबा. दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो आणि तो दोन-तीन दिवसांनी, ताप आल्यावरच कळतो. गाईबैलांना औषध पाजतात तसं नळ्यानं किंवा सिरिंजनं घशात ओतणं शिंगराच्या बाबतीत वर्ज्य. पोट रिकामं राहिलेलं परवडतं, फुप्फुसात दूध गेलेलं नाही.

चोखणं नीट सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाडग्याची सवय लावायला लागा. पांढरं, पसरट, जड तळाचं वाडगं घ्या. गडद रंगाचं भांडं नको. शिंगरू भुकेलं असताना बोट दुधात बुडवून चोखायला द्या, चोखत असतानाच हात हळूहळू खाली नेत बोट दुधात आणा. ओठ दुधात, नाकपुड्या बाहेर. डोकं धरून खाली दाबायचं नाही. एकदा नाकात दूध गेलं की ते वाडग्याजवळ फिरकत नाही. पाच-सहा वेळांत बहुतेक शिंगरं शिकतात. मग वाडगं त्याच्या छातीच्या उंचीवर भिंतीला बसवा. वाडग्यानं रात्रीची जागरणं कमी होतात हे आहेच, पण मोठा फायदा असा की शिंगरू दुधाचं नातं माणसाशी जोडत नाही.

वाडग्यातलं दूध उन्हाळ्यात दोन तासांवर ठेवू नका. बाटली, निपल, वाडगं प्रत्येक वेळी गरम पाण्यानं आणि ब्रशनं धुवा. निपलच्या गळ्यात अडकलेली दुधाची पिवळी कड ही निम्म्या जुलाबांची जागा असते.

काय बिघडतं

दुसऱ्या आठवड्यात एकदा लीद पातळ होतेच, आईपाशी असलेल्या शिंगरांचीही होते. ते पीत असेल, बागडत असेल, ताप नसेल तर दूध चालू ठेवा, मधल्या वेळी ओआरएसचं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवा, आणि शेपटीखाली कोमट पाण्यानं पुसून व्हॅसलीन लावा, नाहीतर कातडी सोलवटते. ओआरएस दुधात मिसळू नका. पाण्यासारखी, दुर्गंधी लीद, ताप, किंवा पिणं बंद, यांतलं काहीही असेल तर त्याच तासाला डॉक्टर.

लंगडणं. शिंगरू एक पाय टेकवत नाही, तर बहुतेक लोक मुरगळला असेल म्हणून मलम चोळतात. नवजात शिंगराचा गुडघा किंवा घोटा सुजलेला आणि गरम असेल तर तो बहुतेक वेळा सांध्यात शिरलेला जंतुसंसर्ग असतो, आणि तो नाळेतून किंवा कमी चिकामुळे आलेला असतो. एक दिवस वाया घालवला तर सांधा कायमचा जातो. त्यासाठी बेंबी रोज बोटांनी चाचपा. ती कोरडी आणि पेन्सिलीएवढी हवी. ओली, जाड, दुखरी झाली तर थांबू नका.

दात करकर खाणं, लाळ गळणं, उताणं पडून राहणं ही पोटातल्या व्रणांची लक्षणं. वेदनाशामक औषधं स्वतःच्या मनानं दिली तर हे व्रण वाढतात, आणि 10 किलोच्या जिवाला घोड्याचा डोस म्हणजे विषच.

मिनिएचर आणि तट्टूंमध्ये आणखी एक गोष्ट असते जी मोठ्या घोड्यांत क्वचित दिसते. उपाशी राहिले की शरीर चरबी रक्तात सोडायला लागतं आणि यकृत तिनं भरून जातं. रक्त काढलं तर वरचा भाग दुधाळ दिसतो. म्हणून 'आज जरा पीत नाहीये, उद्या बघू' हे वाक्य इथे चालत नाही.

आतडं अरुंद असल्यानं लीद अडकणंही यांच्यात जास्त. सुतळीचा तुकडा, प्लॅस्टिकच्या पोत्याचा धागा, केसांचा पुंजका गिळला की त्याभोवती लीद घट्ट होत जाते. पेंढ्याच्या भाऱ्यांच्या सुतळ्या जमिनीवर सोडायच्या नाहीत, कापल्या की खिशात घालायच्या.

राहायची जागा

भाताचा कोरडा पेंढा जाड अंथरा. लाकडाचा भुसा नको, शिंगरू तो चघळतं आणि तो नाकात जातो. पावसाळ्यात आणि घाटमाथ्यावरच्या थंडीत जुना स्वेटर, बाह्या कापून, पुढच्या पायांतून घाला. ओला झाला की लगेच बदला. दिव्याची ऊब द्यायची असेल तर बल्ब तारेच्या जाळीत, शिंगरू मागच्या पायांवर उभं राहिलं तरी पोचणार नाही इतका वर, आणि पेंढ्यापासून लांब. दिवसा ऊन आणि पळायला जागा हवी. पाय त्यानंच सरळ होतात.

कुंपण तपासा. 10 किलोचं शिंगरू मोकाट कुत्र्यांच्या टोळीला वासरासारखं नाही, कोकरासारखं वाटतं. डोंगराकडच्या गावांत रात्री बंद खोली, वर छप्पर, बिबट्या भिंत चढतो.

चारा आणि दूध तोडणं

आठव्या-दहाव्या दिवशी मूठभर खुराक वाडग्याशेजारी ठेवा आणि उरलेला रोज फेकून द्या. खुराकात प्रथिनं 16 ते 18 टक्के हवीत. भरडलेलं ओट, थोडा भिजवलेला हरभरा, आणि शिंगरांसाठीचं खनिज मिश्रण. गव्हाचा कोंडा आपल्याकडे घोड्याला सढळ हातानं घालतात. त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे वाढत्या हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं. चिमूटभर ठीक, पायलीभर नाही. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं, मऊ वाळवलेला घास पहिल्या आठवड्यापासून समोर असू द्या. स्वच्छ पाणी पहिल्या दिवसापासून, दूध पितंय म्हणून पाणी नको असं नाही.

शिंगरू मोठ्या घोड्याची लीद खाताना दिसलं तर हाकलू नका. आतड्यातले कामाचे जंतू त्याला तिथूनच मिळतात. आजूबाजूला घोडाच नसेल तर जंताचं औषध नियमित दिलेल्या निरोगी घोड्याची ताजी लीद थोडी आणून ठेवा. ऐकायला कसंसंच वाटतं, पण आई असती तर त्यानं तेच केलं असतं.

दूध बंद करायचं ते वयावर नाही, खुराकावर. शिंगरू 25-30 किलोचं झालं, रोज 400-500 ग्रॅम खुराक आणि त्यावर चारा आनंदानं संपवतंय, की दूध कमी करायला घ्या. हे साधारण तीन ते चार महिन्यांत होतं. आधी रात्रीची पाळी, मग एक दिवसाची, असं करत दहा-चौदा दिवसांत. वजनाचा काटा चालूच ठेवा.

माणसाळवायचं किती

मिनिएचरचं शिंगरू खेळण्यासारखं दिसतं आणि घरातली मुलं त्याला कुत्र्याच्या पिल्लासारखं खेळवतात. मांडीवर घेतात, खांद्यावर पुढचे पाय ठेवू देतात, बोट चावलं तर हसतात. सहा महिन्यांनी तेच 40-45 किलोचं झालेलं असतं आणि अजूनही खांद्यावर पाय ठेवायला येतं, आता खूर लागतात. नर असेल तर चावणंही वाढतं. त्याला माणूस आणि घोडा यांतला फरक शिकवणारं कुणी भेटलेलंच नसतं.

दोन-चार आठवड्यांचं झालं की त्याला घोड्याची सोबत द्या. काम थांबवलेलं म्हातारं, खच्ची केलेलं शांत तट्टू सगळ्यात उत्तम. पहिले काही दिवस मधे लाकडी कठडा, मग देखरेखीत एकत्र. ते तट्टू त्याला कान मागे टाकून, एखादी हलकी चाप देऊन जे शिकवेल ते माणसाला जमणार नाही. घोडा नसेल तर शेळी, पण मग अंगावर उड्या मारायला ते शेळीकडून आणखीच शिकतं, त्यामुळे शेळीवर थांबू नका. हातानं खाऊ भरवायचा नाही, खुराक भांड्यातच. मऊ मोरकी दुसऱ्या महिन्यापासून दिवसातून दहा मिनिटं घालून चालवा, आणि माणूस समोर नसताना काढून ठेवा, कारण ती खिळ्याला अडकते.

खूर चार-सहा आठवड्यांनी नालबंदाला दाखवा. मिनिएचरचे पाय वाकडे होण्याकडे झुकतात आणि कोवळ्या वयात कानशीनं थोडं घासून ते सुधारतं, वर्षानं नाही. जंताचं पहिलं औषध दोन महिन्यांनी, त्या दिवशीच्या वजनावर. धनुर्वाताची लस तीन-चार महिन्यांपासून, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं, आणि रेबीजची लस विसरू नका. डॉक्टर लस टोचायला येतील तेव्हा कॅलेंडरवरची वजनाची पानं फाडून त्यांच्या हातात द्या, डोस त्यावरूनच काढतील.